हॉटेल-टपरीवाल्यांनो, पन्नी-थर्माकोल बंद करायचंय तर आधी माळा झाडा

मागच्या पोळ्याच्या आठवड्यात आमच्या हॉटेलात नगरपंचायतीचं पथक आलं. हॉटेल म्हणजे काय, बसस्टँडसमोर पत्र्याचं शेड, चार बाक, सकाळी तर्री पोहा आणि मग संध्याकाळपर्यंत चहा, आलूबोंडा, भजे. मी बिनधास्त होते कारण प्लास्टिकच्या प्लेटा आम्ही कधीच्याच बंद केल्या होत्या, गल्ल्यावर कापडी थैल्या टांगलेल्या, म्हटलं बघा ना साहेब सगळं बघा. त्यातला एक पोरगा स्टुलावर चढला, माळ्यावर टॉर्च मारला आन् म्हणाला, "काकू, हे काय आहे वं?" दोन पोते थर्माकोलचे द्रोण! आमच्या दिराच्या लग्नातले उरलेले, सासूबाईंनी "कामात पडते" म्हणून जपून ठेवलेले, मला तर आठवणही नव्हती. वापरत नाही हो साहेब, पडलेले आहेत, असं मी चार वेळा सांगितलं. पावती फाटली पाच हजाराची.

चूक आमचीच होती. महाराष्ट्र सरकारची प्लास्टिक-थर्माकोल बंदीची जी अधिसूचना आहे, २३ मार्च २०१८ ची, त्यात वापरणं आणि विकणं तर आहेच पण बनवणं, वाहून नेणं, हाताळणं आणि साठवून ठेवणं पण आहे. म्हणजे तुम्ही वापरता की नाही हा प्रश्नच नाही, तुमच्याकडं सापडलं की झालं. म्हणून ज्यांना आता हे करायचंय त्यांनी सुरुवात गल्ल्यापासून करू नका, माळ्यापासून करा, खाटेखालून करा, गोदामातून करा.

आता कायद्याचं आधी थोडक्यात सांगते, कारण याच्यावरून बाजारात लय उलटसुलट बोलतात. दोन याद्या आहेत, एक केंद्राची आणि एक आपल्या राज्याची, आणि आपल्याला दोन्ही लागू आहेत. केंद्राची यादी १ जुलै २०२२ पासून लागू झाली, त्यात खायच्या-प्यायच्या सामानापैकी प्लास्टिकच्या प्लेटा, कप, गिलास, चम्मच, काटे, सुऱ्या, स्ट्रॉ, ट्रे, चहा-कॉफी ढवळायच्या काड्या, आइस्क्रीम आणि कँडीच्या प्लास्टिक काड्या, मिठाईच्या डब्याला वरून गुंडाळतात ती पातळ फिल्म, असं सगळं आहे. थर्माकोल त्यात सजावटीचं म्हणून वेगळं लिहिलेलं आहे. राज्याची यादी त्याच्या आधीची आणि जास्त कडक आहे. त्यात वाट्या, डबे, हॉटेलात जेवण पॅक करायचं सामान, पातळ पदार्थ भरायच्या पन्न्या, आणि पिशव्या, त्या हातात धरायच्या बंदाच्या असो की बिनबंदाच्या, थर्माकोलची ताटं-द्रोण हे सगळं आहे. तर होलसेलवाला जेव्हा म्हणतो की "वाटी केंद्राच्या यादीत नाही, बिनधास्त न्या", तेव्हा तो अर्धं खरं बोलतो. केंद्राच्या यादीत नसेल, महाराष्ट्राच्या आहे.

तसंच ते १२० मायक्रॉनचं. केंद्राचा नियम असा की पिशवी १२० मायक्रॉनपेक्षा पातळ नको, हे ३१ डिसेंबर २०२२ पासून, त्याच्या आधी ७५ होतं. तेव्हापासून बाजारात "१२० ची आहे ना" म्हणून जाड पन्न्या विकतात. पण आपल्या राज्यात हातात द्यायची प्लास्टिकची पिशवीच बंद आहे, जाडी कितीही असो. आणि ती छापलेली जाडी तरी खरी असते का! माझा भाचा आयटीआयला आहे, त्यानं एक "१२०" छापलेली पन्नी वर्कशॉपातल्या जाडी मोजायच्या स्क्रू गेजमध्ये धरली. १२० मायक्रॉन म्हणजे ०.१२ मिलिमीटर. ती अर्ध्यावरही नव्हती. तेव्हा छापील आकड्यावर जाऊच नका.

दंड पहिल्यांदा ५,०००, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिन्यांपर्यंत कैद.

आणि हे शहराचं आहे, खेड्यात कोण येतं, असं समजू नका. अधिसूचनेत कारवाईचे अधिकार कोणाकोणाला दिलेत त्यात तहसीलदार, तलाठी, बीडीओ, ग्रामसेवक हे पण आहेत. २०१६ च्या केंद्राच्या प्लास्टिक कचऱ्याच्या नियमांनीच ग्रामपंचायतीला यात ओढलंय. पथक रोज येणार नाही हे खरं, पण यात्रा असली, आठवडी बाजार असला, की येतं. नेमकं तेव्हाच आपला माल जास्त भरलेला असतो.

चला, आता कामाचं.

एक संध्याकाळ काढा, गिऱ्हाईक कमी असते अशी, सोमवार-मंगळवार बघा. हॉटेलातलं एकदा वापरून फेकायचं जेवढं सामान आहे तेवढं एका ताडपत्रीवर काढा, सगळं म्हणजे सगळं, चम्मच, स्ट्रॉ, रबर लावून ठेवलेल्या पन्न्या, पार्सलचे डबे, कागदी कप, चंदेरी द्रोण, मिठाईचे खोके. मी केलं तेव्हा मलाच लाज वाटली, एवढं असतं. थर्माकोल आणि साधं प्लास्टिक ओळखायला कोणी सांगायला नको, ते एका बाजूला. गोंधळ होतो तो पुढच्या मालात.

पहिला कागदी कप. सगळ्यांना वाटतं कागद आहे म्हणजे चालतं. एक कप घ्या, उभा फाडा आणि पाण्यात रात्रभर टाकून ठेवा. सकाळी कागदाचा लगदा झालेला असतो आणि आतल्या बाजूनं एक पातळ पारदर्शक पापुद्रा वेगळा निघतो, साप कात टाकतो तसा. ते प्लास्टिक. तो नसता तर चहा कागदातून गळला असता, साधी गोष्ट आहे. जुलै २०२२ मध्ये राज्यानं असे प्लास्टिकचा थर दिलेले कागदाचे, ॲल्युमिनियमचे कप, प्लेटा, वाट्या, डबे पण बंदीत घातले. आमच्या लाइनीतल्या निम्म्या टपऱ्यांवर आजही तेच कप आहेत आणि त्यांना वाटतं आपण नियमात आहोत.

दुसरं म्हणजे चंदेरी द्रोण आणि चंदेरी पत्रावळी, भंडाऱ्यात हमखास दिसते ती. वरून चांदीसारखी चमकते पण तो पत्रा नाही, कागदावर चिकटवलेली फिल्म आहे. कोपरा नखानं खरवडा, फिल्म सोलून येते. तेच मशीनवर दाबलेल्या पळसाच्या प्लेटांचं. वर पान, खाली पुठ्ठा, आणि मधात कधी कधी पन्नीचा थर घातलेला असतो म्हणजे रस्सा गळू नये. पानाचं दिसलं म्हणून भुलू नका, एक प्लेट फाडून बघा, मग गठ्ठा घ्या.

तिसरं, हिरवं पान छापलेला माल. मला एकानं असेच कप दिले, वर बायोडिग्रेडेबल लिहिलेलं, भाव दीडपट. मी दोन खोके घेतले पण. नंतर कळलं की बायोडिग्रेडेबल या शब्दाला काही किंमत नाही, कोणीही छापतं. शब्द बघायचा तो कंपोस्टेबल, म्हणजे खत होण्याजोगा, आणि नुसता शब्द नाही, त्यावर बनवणाऱ्याचं नाव आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा नंबर पाहिजे. २०२२ च्या शेवटी राज्यानं असा प्रमाणपत्र असलेला कंपोस्टेबल माल, म्हणजे स्ट्रॉ, प्लेट, कप, गिलास, चम्मच, डबे, चालू दिले, पण सिपेट (केंद्र सरकारची प्लास्टिकची संस्था) आणि केंद्रीय मंडळ दोघांचं सर्टिफिकेट पाहिजे अशी अट घालून. दुकानदाराला सर्टिफिकेटची झेरॉक्स मागा. देतो म्हणाला आणि दिली नाही तर माल घेऊ नका. आणि एक, हा माल आपल्या शेणखताच्या खड्ड्यात टाकला की खत होईल असं नाही, त्यातल्या बऱ्याच मालाला कारखान्यातल्या खतासारखी पन्नास-साठ डिग्रीची उष्णता सलग लागते, ती आपल्या उकिरड्यात मिळत नाही. म्हणजे महाग पण आणि पडून पण राहतो. माझ्या मते खेड्यातल्या हॉटेलानं या भानगडीत पडूच नये.

कापडासारखी दिसते ती नॉन-वोव्हन थैली, रंगीबेरंगी, लग्नात देतात ती, ती पण प्लास्टिकच आहे. २०१८ ला पूर्ण बंद होती, आता ६० जीएसएमच्या (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) वरची चालते. जीएसएम छापलेलं असतं. दोन बोटांत धरून आरपार उजेड दिसला आणि ओढली की फाटली तर ती नाही.

आता सामान काढलं, ओळखलं, पुढं काय? सगळे इथंच चुकतात, मी पण चुकले. आपण काय करतो, प्लास्टिकचा कप गेला तर दुसरा कोणता कप, प्लेट गेली तर दुसरी कोणती प्लेट, असं शोधत बसतो आणि मग सगळं महागच दिसतं. तसं नाही करायचं. गिऱ्हाइकाचे दोन भाग करा, बसून खाणारा आणि बांधून नेणारा. चार दिवस एका वहीत नुसत्या रेघोट्या मारा, चहा इथं किती, चहा नेला किती, पोहे इथं किती, नेले किती. आमच्याकडं निघालं की दहातले सात-आठ जण बाकावर बसूनच खातात! आणि त्यांना आपण फेकायच्या प्लेटीत देत होतो, कशासाठी, तर धुवायचा कंटाळा.

बसून खाणाऱ्याला स्टील. दुसरं काही शोधूच नका. समजा रोज २०० चहा होतात, तर वर्षाचे ७३,००० कप झाले, तुमच्या गावच्या भावानं गुणून बघा कपाचे किती जातात. त्यासमोर स्टीलचे किंवा काचेचे ६० गिलास एकदाच घ्यायचे. किती घ्यायचे त्याचा अंदाज असा, तुमची सगळ्यात जास्त गर्दी कधी असते, आमच्याकडं सकाळी पहिली एसटी लागते तेव्हा, त्या अर्ध्या तासात जेवढे चहा जातात तेवढे गिलास आणि वर थोडे. दिवसभराच्या हिशोबानं घेऊ नका, फिरत राहतात ते. प्लेटीचं पण तसंच. पोह्यासाठी खोलगट प्लेट घ्या बरं का, सपाट घेतली तर तर्री सांडते आणि लोक शिव्या देतात, हे पण मी करून बसले.

धुण्याचं मात्र नीट बसवा, नाहीतर आठ दिवसांत परत कागदी कपावर याल. तीन टब ठेवा. त्याच्या आधी एक डबा, उष्टं त्यात खरडायचं, ते ढोरांना जातं. पहिल्या टबात कोमट पाणी आणि साबण, दुसऱ्यात साधं पाणी, तिसऱ्यात गरम पाणी. गरम पाण्यासाठी वेगळा गॅस नको, चहाच्या भट्टीच्या बाजूला एक गंज (पातेलं) ठेवायचा, तापतच असतो. गरम पाण्यातून काढलेलं भांडं जाळीच्या रॅकवर उपडं ठेवा, आपोआप सुकते, फडक्यानं पुसूच नका, त्या फडक्याइतकं घाण हॉटेलात दुसरं काही नसते. तर्रीचा तेलकटपणा गार पाण्यात जातच नाही म्हणून पहिलं पाणी कोमटच पाहिजे. आणि पाणी गढूळ झालं की बदला, गिऱ्हाईक बघत असतं. उन्हाळ्यात पाण्याची मारामार असते हे मला सांगू नका, आमच्याकडं पण एप्रिल-मे मध्ये टँकरच असतो, तेव्हा शेवटच्या टबाचं पाणी पहिल्या टबात वापरायचं, आणि नाश्त्याला पळसाचे द्रोण काढायचे. द्रोणाचं पुढं सांगते.

आता चहा नेणारे. आपल्या भागात हा रोग लय मोठा आहे, पन्नीत चहा. उकळता चहा पातळ पन्नीत ओतायचा, वर दोरा गुंडाळायचा, आणि बारके दोन-चार कप सोबत द्यायचे, की निघाला पोरगा तहसीलला, बँकेत, कापसाच्या जिनिंगमध्ये. ती पन्नी हातात धरून बघा, मऊ पडलेली असते, वास येतो. राज्याच्या यादीत पातळ पदार्थाच्या पन्न्या आहेतच, पण नियम नसता तरी हे बंद करायसारखं आहे. आम्ही परत किटली काढली. पितळेची नाही हो, साधी ॲल्युमिनियमची, आणि गिलासांसाठी तारेची जाळी, सहा खान्यांची. आजूबाजूच्या ऑफिसांना पोरगा किटली आणि गिलास घेऊन जातो, अर्ध्या तासानं रिकामे आणतो. गिलास हरवतात का, हरवतात. म्हणून प्रत्येक ऑफिसला त्यांचे गिलास ठरवून दिले, तळाला खिळ्यानं खूण करून, तहसीलवाल्यांना एक टिंब, बँकेला दोन. त्यांचे त्यांनाच धुवून ठेवायला सांगितले, आम्ही फक्त किटली पाठवतो. शेतात मजुरांसाठी चहा नेणारा घरून थर्मास नाहीतर बाटली आणतो, त्याला आधी दोनदा सांगावं लागतं, तिसऱ्यांदा तो स्वतःच आणतो.

पार्सलमध्ये सगळ्यात अवघड तर्री. पोहे, चिवडा, भजे, आलूबोंडा यांचं काही नाही, कोरडं आहे, कागदात जातं. तर्री, दही, चटणी, कढी, पाटवडीचा रस्सा, हे अवघड. यावर तीन उपाय केले. एक, गिऱ्हाइकानं डबा आणला तर तर्री जास्त. भाव कमी करू नका, भाव कमी केला की परत वाढवता येत नाही, तर्री जास्त घाला, एक पळी, तुम्हाला खर्च काहीच नाही आणि तो गावभर सांगतो. दुसरं, अनामत. स्टीलचे छोटे झाकणाचे डबे तीस-चाळीस घेतले, डब्यावर नंबर कोरला, नेताना डब्याच्या किमतीएवढे पैसे ठेवायचे, आणला की परत. डब्याच्या किमतीएवढेच, कमी घेतले तर डबा येत नाही. पहिल्या महिन्यात चार डबे गेले, पण पैसे आपल्याकडंच आहेत, नवीन घेतले. तिसरं, ज्याला हे दोन्ही नको त्याला मी सरळ म्हणते, "बाप्पा, इथंच बस आन् खा."

म्हणजे भांडणं होत नाहीत असं नाही. "काकू, डबा कोन आनते वं, द्या ना पन्नीत, समोरचा देते ना," हे रोज ऐकावं लागते. समोरचा देतो हे खरंच आहे. पहिले पंधरा दिवस माझे सात-आठ गिऱ्हाईक समोर गेले पण. त्यातले काही परत आले, काही नाही आले, ते लिहून ठेवते म्हणजे तुम्हाला वाटायला नको की सगळं गोड झालं.

आणि कागदात बांधायचं म्हणजे पेपरच्या रद्दीत नाही! पन्नी बंद झाल्यावर सगळे रद्दीवर आले, गरम गरम आलूबोंडा पेपरवर, वर तळलेली मिरची, आणि तेलात सगळी शाई उतरते, बोंड्यावर बातमी वाचून घ्या. एफएसएसएआयनं, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षेच्या संस्थेनं, २०१६ मध्येच याबद्दल बजावलं होतं आणि २०१८ च्या पॅकेजिंगच्या नियमात छापील पेपर खाण्याला लावायला मनाईच आहे, शाईत शिसं आणि कायकाय असतं. म्हणजे एका दंडातून सुटायला जाल आणि अन्न प्रशासनाच्या हातात सापडाल. कोरा खाकी कागद घ्या, किंवा खाली पळसाचं पान ठेवा आणि वरून कागदाची पुडी करा. माझी आजी पानातच भजे बांधून द्यायची, कागदच नव्हता तेव्हा.

पळसाचं थोडं सविस्तर सांगते कारण आपल्याकडं ते दारात आहे आणि आपण बाहेरून सुपारीच्या पानाच्या महाग प्लेटा मागवतो. पळस शिमग्याच्या टायमाला फुलतो तेव्हा त्याला पान नसते, नवीन पान त्यानंतर येतं, कोवळं असताना ते लवकर फाटते. मे महिन्यापर्यंत पान पक्कं होतं, हाताला चामड्यासारखं लागतं, ते पत्रावळीला चांगलं. पळसाला पानं तीनच, ते तिन्ही मोठे आणि बिनछिद्राचे बघून घ्यायचे. गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर, भंडारा तिकडं मोहाच्या पानाचे पण करतात. पान पालथं-उलथं कसं लावलं आणि टाके कसे आहेत ते बघा, टाके बांबूच्या बारीक काडीचे असतात, काडीचं टोक वर आलेलं असेल तर बोटाला लागते, पोराच्या तोंडात गेलं तर पंचाईत. द्रोणात पाणी भरून पाच मिनिटं ठेवा, बूड ओलं झालं नाही तर तर्री टिकेल.

घेताना एकदम मोठा गठ्ठा उन्हाळ्यातच घ्या, बाजारच्या दिवशी बायका आणतात त्यांच्याशी बोलून ठेवा, किंवा गावात बचत गट असेल तर त्यांना वर्षाचं सांगा. पावसाळ्यात ओल लागली की बुरशी धरते, पांढरे ठिपके दिसले की तो गठ्ठा खाण्याला वापरू नका, सरळ खड्ड्यात टाका. ठेवायचे कोरड्या जागी, जमिनीपासून वर, पोत्यात, पन्नीत बांधून ठेवू नका, आत घाम सुटतो. लय सुकले की कडक होऊन तडकतात, म्हणून वापरायच्या अर्धा तास आधी पाण्याचा हात फिरवायचा, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचे, मग मऊ पडतात. आणि एक-एक पुसून द्या, पानावर धूळ असते.

भंडाऱ्याची किंवा लग्नाची ऑर्डर घेत असाल तर आधीच बोलून घ्या. पाचशे पानाची ऑर्डर असली तर पाचशे पत्रावळी पुरत नाहीत, पंगतीत फाटतात, कोणी दोन लावून घेतं, दहातली एक तरी जास्तीची धरा. पाण्याचे गिलास हा खरा घोळ असतो, पत्रावळ पानाची आणि गिलास प्लास्टिकचे, असे फोटो लय दिसतात. गावातल्या देवस्थानाकडं, नाहीतर एखाद्या बिछायतवाल्याकडं स्टीलचे गिलास भाड्यानं असतात, ते धरा, आणि धुवायला दोन माणसं वेगळी लावून त्यांची मजुरी ऑर्डरमध्ये आधीच सांगा. नंतर कोणी देत नाही.

आमच्या बाजूला खर्र्याचा, म्हणजे घोटलेल्या सुपारी-तंबाखूचा, ठेला आहे, त्याचं पण विचारतात लोक. खर्रा घोटायचाच पन्नीत, बांधायचाही पन्नीत, मग दिवसभर त्या पन्न्या आमच्या दारात. केंद्राच्या २०१६ च्या नियमात तंबाखू, गुटखा, पानमसाल्याला प्लास्टिकची पुडी लावायचीच नाही असं स्पष्ट आहे. त्याला मी सांगितलं तर म्हणतो कागदात खर्रा घोटतच नाही. त्याचं त्याला माहीत, मी फक्त माझ्या हद्दीतला झाडते.

काय चालतं ते पण सांगते, नाहीतर घाबरून सगळंच फेकाल. दुधाच्या पिशव्या चालतात. कारखान्यातून सीलबंद येणारे बिस्किटं, वेफर्स यांचं पॅकिंग वेगळ्या नियमात येतं, त्याचा दंड तुम्हाला नाही. लाकडी चम्मच, लाकडी काडी, मातीचे कुल्हड, उसाच्या चिपाडाच्या प्लेटा, वर प्लास्टिकचा थर नसेल तर, चालतात. दुधाच्या पिशवीचा कोपरा कापताना पूर्ण तुकडा पाडू नका, थोडा लटकू द्या, तो बारका तुकडा कुठं जातो कळतही नाही आणि पिशवी धुवून ठेवली तर कबाडी घेतो, तुकडा कोणी घेत नाही.

ताडपत्रीवर जो बंदीचा माल निघाला तो काय करायचा? जाळायचा नाही, भट्टीत तर अजिबात नाही, प्लास्टिक उघड्यावर जाळणं नियमात बसत नाही आणि त्याच भट्टीवर आपला चहा असतो. शेजाऱ्याला, पाहुण्याला द्यायचा नाही, दिला तरी तो वापरच झाला. शेताच्या बांधावर टाकला तर जूनमध्ये वखराच्या पाशीला तोच गुंडाळून वर येतो, आणि खरकटं लागलेली पन्नी असली की ढोरं गिळतात. पोत्यात भरा, वर चिठ्ठी लावा, आणि ग्रामपंचायतीत किंवा नगरपंचायतीत नेऊन लेखी जमा करा, पोच घ्या. स्वच्छ भारतच्या ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात तालुक्याला एक प्लास्टिक कचऱ्याचं युनिट करायचं ठरलेलं आहे, तुमच्या पंचायत समितीत विचारा ते चालू आहे का. ती पोच सांभाळून ठेवा. माझ्याकडं त्या दोन पोत्यांची अशी पोच असती तर माझे पाच हजार वाचले असते.

पथक आलंच तर वाद घालू नका आणि हात पण जोडू नका. ओळखपत्र बघा, माल नेला तर किती नेला, कोणता नेला, वजनासकट लिहून मागा. पैसे दिले तर छापील पावती घ्या, नंबरची. पावतीशिवाय "अर्ध्यात मिटवू" कोणी म्हटलं तर पूर्ण भरा आणि पावतीच घ्या, कारण पुढच्या वेळी तुमचा नंबर पहिला की दुसरा हे त्या पावतीवरून ठरते, आणि अर्ध्यात मिटवणारा परत येतोच. कंपोस्टेबल माल ठेवत असाल तर सर्टिफिकेटची झेरॉक्स आणि खरेदीचं बिल गल्ल्यातच ठेवा, घरी नाही.

आमच्या शेडमध्ये आता चुन्यानं लिहिलंय, "पार्सलला डबा आणा, तर्री जास्त मिळेल". त्याच्या खाली सासूबाईंनी पोराकडून एक ओळ वाढवून घेतली, "डबा नंबर १७ आणि २३ ज्यांच्याकडं आहे त्यांनी आणून द्यावा".